पाहुणा हॉलमध्ये थांबत का नाही?

जळगाव जिल्ह्यातल्या चोपडा तालुक्यातून एका ताईंचं पत्र आलं आहे. दीड वर्षापूर्वी घर बांधलं. हॉल ११ फूट रुंद, १७ फूट लांब, उंची १० फूट, वर थेट गच्ची. रस्ता पश्चिमेला, म्हणून मुख्य दार आणि पाच फुटी खिडकीही पश्चिमेलाच. जुना सोफा त्या खिडकीखाली, टीव्ही समोरच्या पूर्व भिंतीवर, बाकी भिंतींना खुर्च्यांची रांग. त्या लिहितात, "दुपारी तीननंतर तिथे बसवत नाही. आलेलं माणूस पाणी पिऊन सरळ स्वयंपाकघरात येऊन बसतं. हॉल दवाखान्यासारखा दिसतो." आता एल आकाराचा सोफा, फॉल्स सीलिंग आणि भिंतभर टीव्ही युनिट करायचा विचार आहे. जमलं तर हॉलमध्ये बंगईही (झोपाळा) हवी आहे. सासऱ्यांना गुडघ्यांचा त्रास आहे. सोफेवाला शनिवारपर्यंत आगाऊ रक्कम मागतो आहे.

ताई, रक्कम अजून दिली नसेल तर देऊ नका. तुमच्या हॉलचं दुखणं सोफ्यात नाही. माणूस उठून आत जातं ते उन्हामुळे आणि कोंडलेल्या हवेमुळे. ते तसंच ठेवून नवं फर्निचर आणलं, तर नव्या सोफ्यावरूनही लोक उठून स्वयंपाकघरातच येतील. म्हणून आधी ऊन, मग कूलरचा वारा, मग चालायची वाट, आणि उरलेल्या जागेत बैठक, असा क्रम ठेवू.

आपल्याकडे मे महिन्यात दुपारी बाराला सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो. तेव्हा तापते ती गच्ची. भिंतींवर ऊन येतं ते सकाळी पूर्वेला आणि तीननंतर पश्चिमेला. हे पश्चिमेचं ऊन आडवं, खालून येतं, त्यामुळे खिडकीवरचा दीड-दोन फुटांचा छज्जा त्याला अडवू शकत नाही. छज्जा मोठा करून घेण्यात पैसे घालू नका. आतला जाड पडदाही अर्धंच काम करतो. ऊन काचेतून आत आलं की पडदा तापतो आणि ती उष्णता खोलीतच राहते. ऊन काचेच्या बाहेर अडवायचं.

त्यासाठी बांबूची चिक किंवा ७५ टक्के ऊन अडवणारी शेडनेट. नर्सरीवाले वापरतात तीच हिरवी जाळी, तालुक्याच्या गावी सहज मिळते. खिडकी पाच फूट असेल तर चिक सहा फुटांची घ्या, म्हणजे दोन्ही बाजूंना सहा-सहा इंच जास्त राहील. काचेपासून सहा इंच तरी पुढे टांगा. काचेला चिकटून लावली तर चिक तापते आणि काचेला तापवते. मधल्या फटीतून गरम हवा वर निघून जायला हवी. जाळी घेतलीत तर चारही कडा दुमडून शिवून घ्या आणि दर फुटाला पितळी रिंग ठोकून घ्या. नुसती कापून बांधली की पहिल्याच वावटळीत कडेपासून उसवते. खालच्या दोन्ही टोकांना दोरी हवीच, मेअखेरच्या वादळात मोकळी चिक खिडकीवर आपटून काच फोडते. थंडीत ती गुंडाळून ठेवा, तेव्हा संध्याकाळचं तेच ऊन हवंसं वाटतं.

गच्चीचं काम फॉल्स सीलिंगच्या आधीचं. स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री उशिरापर्यंत खाली उष्णता टाकत राहतो. तो वरूनच कमी तापला पाहिजे. गच्ची घासून, धुऊन, पूर्ण वाळवून उष्णता परतवणाऱ्या पांढऱ्या रंगाचे दोन हात द्या, फेब्रुवारी-मार्चमध्ये, म्हणजे आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आत उपयोग सुरू होतो. एवढा खर्च नको असेल तर चुना रात्रभर भिजवून, गाळून, डिंक घालून मारा. पावसात तो धुऊन जातो, दरवर्षी मारावा लागतो, पण काम करतो. ओल्या किंवा धुळीच्या गच्चीवर मारलेला कोणताही रंग पापडासारखा सुटतो, ही नेहमीची चूक. फॉल्स सीलिंगने थोडा फरक पडतो, नाही असं नाही. पण गच्ची पांढरी न करता ते करणं म्हणजे तापलेल्या तव्याखाली कागद धरणं. शिवाय स्लॅब कुठे पाझरला तर डाग खालच्या सीलिंगवर येईपर्यंत कळत नाही. या वर्षी ते सोडून द्या.

आता कूलर. तुम्ही पाठवलेल्या नकाशात उत्तरेच्या भिंतीला चार फुटी खिडकी दिसते, पश्चिम कोपऱ्यापासून तीन फुटांवर, आणि तिच्या बाहेर चार फुटांची मोकळी गल्ली. कूलर तिथे बसवा, आज आहे त्या दारापुढच्या, पश्चिमेच्या ओट्यावर नको. तिथे दुपारभर उन्हात टाकी आणि पत्रा तापतो.

कूलर केवढा हवा याचा साधा हिशेब आहे. खोलीची लांबी, रुंदी, उंची फुटांत गुणा आणि दोनने भागा. तुमचा हॉल १,८७० घनफूट, म्हणजे साधारण ९३५ सीएफएम (मिनिटाला इतके घनफूट वारा). कंपन्या हे बहुधा घनमीटर प्रति तास असं छापतात, त्या मापात १,६०० च्या आसपास. जाहिरातीतला आकडा नव्या, स्वच्छ गवताचा असतो. आपल्या बोअरच्या पाण्याने गवतावर क्षार बसले की वारा कमी होतो, म्हणून थोडा मोठा घेतला तरी चालेल.

पण सगळ्यात जास्त चूक होते ती वारा बाहेर कुठून जाणार, याची. दारं-खिडक्या बंद करून कूलर लावला की पहिली वीस मिनिटं गार वाटतं, मग अंग चिकचिकायला लागतं. पाणी हवेत मिसळत राहतं आणि त्या हवेला बाहेर जायला वाटच नसते. हजार सीएफएमला निदान दोन चौरस फुटांचं तोंड उघडं हवं. म्हणजे चार फूट उंचीच्या खिडकीचं झडप सहा इंच उघडं ठेवलं की झालं. तुमच्या घरात आतलं दार उघडं ठेवा आणि स्वयंपाकघराची पूर्वेची खिडकी उघडा. पश्चिमेची खिडकी दुपारी बंदच. मग वारा उत्तरेकडून शिरेल, बैठकीवरून फिरेल आणि स्वयंपाकघरातून बाहेर पडेल. पोळ्या लाटणाऱ्या माणसालाही त्यातला वाटा मिळतो, हा वरचा फायदा.

कूलरचं तोंड आणि चौकट यांच्यातली फट प्लायच्या पट्टीने किंवा थर्माकोलने बुजवा, नाहीतर गल्लीतली झळ त्या फटीतून आत येते. कूलरखालची घोडी (स्टँड) बाहेरच्या बाजूला अर्धा इंच उतरती ठेवा, म्हणजे गळलेलं पाणी भिंतीत मुरणार नाही. आणि पत्र्याचा कूलर असेल तर तीन पिनची पिन, पक्की अर्थिंग आणि बोर्डावर ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी (वीज गळाली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच), यात काटकसर नको. पाणी भरताना स्विच बंद करून पिन काढायची. ओल्या पत्र्याला शॉक येतो तो प्रत्येक उन्हाळ्यात कुणाच्या तरी घरी.

इथवर झालं की मांडणी निम्मी आपोआप ठरते.

मुख्य दार पश्चिम भिंतीच्या उत्तर टोकाला आणि आतलं दार पूर्व भिंतीच्या उत्तर टोकाला. म्हणजे चालण्याची वाट उत्तर भिंतीलगत सरळ जाते. ती मोकळी सोडा. तुम्ही खुर्च्या याच वाटेवर मांडल्यात, त्यामुळे प्रत्येक जण पाय आखडून बसतो आणि दवाखान्याची कळा येते. बैठक दक्षिण भिंतीला घ्या. ती शेजाऱ्यांशी सामाईक, तिच्यावर ऊनच नाही, घरातली सगळ्यात गार भिंत तीच.

रुंदीचा हिशेब असा. ११ फूट म्हणजे १३२ इंच. सोफा ३४ इंच खोल, भिंतीपासून ३ इंच पुढे, झाले ३७. सोफा आणि टीपॉय यांच्यात १६ इंच. याहून कमी झालं तर गुडघे लागतात, जास्त झालं तर चहाचा कप ठेवायला उठावं लागतं. टीपॉय २० इंच रुंद. एकूण ७३. उरले ५९. समोर टीव्हीखाली १२ इंचांची फळी धरली तरी वाटेला ४७ इंच राहतात, जवळपास चार फूट. दोन माणसं एकमेकांना ओलांडून जाऊ शकतात, आणि गॅसची टाकी घेऊन येणाराही कुठे न आदळता आत जातो.

टीव्ही उत्तर भिंतीवर, कूलरच्या खिडकीच्या पूर्वेला. आत्ता तो पूर्व भिंतीवर पश्चिमेच्या खिडकीसमोर आहे, म्हणून संध्याकाळी पडद्यावर मालिकेपेक्षा रस्ताच जास्त दिसतो. खिडकीला काटकोनात बसवला की चकाकी जवळजवळ जाते. डोळ्यांपासून अंतर आठ फूट पडेल, ४३ इंचाला ते बरोबर आहे. दुकानदार ५५ म्हणेल, ऐकू नका. पडद्याचा मध्य जमिनीपासून ४२ इंचांवर, म्हणजे बसलेल्या माणसाच्या नजरेच्या पातळीत. साडेपाच फुटांवर टांगलेला टीव्ही बघून मान दुखते, तरी घरोघरी तसाच टांगतात. हो, या मांडणीत घरचं माणूस टीव्हीपुढून जाणार. तेवढं सोसायचं. दुसऱ्या कुठल्याही मांडणीत ते बैठकीच्या मधून जाईल.

भिंतभर युनिट मात्र नको. कूलरच्या शेजारी त्याचा पार्टिकल बोर्ड (लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी) दोन उन्हाळ्यांत कडेने फुगतो, आधी बिजागरीपाशी. एक १२ इंचांची फळी आणि खाली दोन खण पुरे, तेही १८ मिलिमीटरच्या वॉटरप्रूफ प्लायमध्ये, सगळ्या कडा पट्टी लावून बंद केलेल्या. मागचा, भिंतीकडचा भाग सुतार कोरा सोडतो. तिथेच पाणी शिरतं, तोही सील करून मागा.

आता सोफा. एल सोफा नको, याला तीन कारणं आहेत. कोपऱ्यातली जागा कुणी वापरत नाही, दोघांचे गुडघे तिथे भिडतात. लग्नाची पत्रिका द्यायला आलेली चार माणसं एका ओळीत बसली तर एकमेकांचं तोंड दिसत नाही. आणि मुख्य म्हणजे तो हलत नाही. नागपंचमीनंतरच्या रविवारी घरी कानबाई (आपली खान्देशी कुलदेवी) बसत असेल तर हॉल रिकामा करावा लागतो. मखर, चौरंग, जागरणाला बसणारे भाऊबंद, रोटाचं जेवण, सगळं याच खोलीत. आठ बाय सहाचा एल उचलून ठेवणार कुठे? आखाजीला लेकीबाळी आल्या की रात्री इथेच गाद्या पडतात. आपला हॉल वर्षातून दोन-तीन वेळा पूर्ण मोकळा होणारा असावा लागतो, चित्रातले हॉल तसे नसतात.

त्यापेक्षा ८० इंचांचा एक तीन जणांचा सोफा, एक दिवाण आणि दोन हलक्या खुर्च्या घ्या. दिवाण सहा बाय तीनचा, पूर्व भिंतीला, आग्नेय कोपऱ्यात. आतलं दार सोडून तिथे ७८ इंच भिंत मोकळी आहे, ७२ चा दिवाण नेमका बसतो. त्याच्याशेजारी दक्षिण भिंतीला १८ इंचांचं स्टूल, मग सोफा. पश्चिम कोपऱ्यापर्यंत ७० इंच उरतात, तिथे एक खुर्ची. दुसरी दिवाणासमोर, हवी तेव्हा सरकवायची. सगळ्यांची तोंडं आठ फुटांच्या आत एकमेकांसमोर येतात. यापुढे अंतर गेलं की माणसं ओरडून बोलतात, किंवा बोलतच नाहीत.

दिवाणावर फोम नको, कापसाची गादी घाला. कापूस आपल्याच शिवारातला, पिंजारी गावात, आणि कापडाखाली हवा खेळते. सहा बाय तीनच्या गादीला १० ते १२ किलो कापूस लागतो. कमी भरला तर सहा महिन्यांत मधे खळगा पडतो. टाके हातभर अंतरावर घालू देऊ नका, वीतभरावर घालायला सांगा. दर दोन-तीन वर्षांनी पिंजून घ्यावी. दिवाणाची लाकडी उंची १३-१४ इंच ठेवा, गादी दबून एकूण १८ होते. दिवाणाखाली पेटी करून घेतलीत तर पाहुण्यांची अंथरुणं तिथेच मावतात. झाकण वर उघडणारं नको, समोरून ओढायचे खण करा, म्हणजे गादी उचलावी लागत नाही.

सोफा घेताना झिप उघडून आतला फोम पाहा. बसायला ४० डेन्सिटीचा, पाच इंच जाड. त्याहून हलका फोम दुकानात मऊ लागतो आणि वर्षात बसतो. बसायची उंची १७-१८ इंच, खोली २१-२२. त्याहून खोल सोफ्यात बुटक्या माणसाचे पाय लटकतात. रेक्झिन अजिबात नको, मे महिन्यात पाठ सोलून निघते आणि चार वर्षांत त्याचे पापुद्रे सुटतात. सुती किंवा सुतीमिश्र कापड, खोळ चेन लावून निघणारी, कारण आपला धुराळा झटकून जात नाही, धुवावाच लागतो. पाय स्क्रूचे असावेत. साडेतीन फुटी दारातून ३४ इंचांचा सोफा जेमतेमच जातो आणि पाय ठोकलेले असले की चौकटीचा रंग निघतो.

सासऱ्यांसाठी मात्र सोफ्यावर भिस्त ठेवू नका. दुखऱ्या गुडघ्यांना १९-२० इंच उंचीची, घट्ट बैठकीची, पुढेपर्यंत हात असलेली खुर्ची लागते. उठताना माणूस हातांवर भार देतं, हात मागेच संपत असतील तर उपयोग नाही. जुनी सागवानी खुर्ची घरात असेल तर तिच्या पायांना दीड-दोन इंचांचे ठोकळे सुताराकडून पक्के बसवून घ्या, खाली रबर. नुसती उशी वाढवून उंची आणली तर ती सरकते. ही खुर्ची नैर्ऋत्य कोपऱ्यात ठेवा. सकाळी तिथून रस्ता दिसतो, वर्तमानपत्र वाचायला उजेड असतो, 'बठा ना' (बसा ना) म्हणत येणाऱ्या-जाणाऱ्याला हाक मारता येते. कूलरचा झोत सरळ तिथेच जातो, म्हणून त्याच्या आडव्या पट्ट्या थोड्या वर आणि उभ्या पट्ट्या सोफ्याकडे वळवा. ओला वारा रात्रभर गुडघ्यांवर नको.

बंगई हॉलमध्ये नको. चार बाय दोनच्या पाटाला पुढे-मागे तीन-तीन फूट, म्हणजे सलग आठ फूट लागतात, आणि तेवढी जागा फक्त वाटेवर आहे. ओट्यावर टांगा. पण कडी बीममध्ये हवी, स्लॅब ओतताना सळईला बांधलेली. तशी नसेल तर इंजिनिअरला दाखवून आरपार बोल्ट आणि वर लोखंडी पाटी. छताला ड्रिल मारून ठोकलेला फास्टनर खालच्या ओढीने हळूहळू सुटतो आणि तो सुटताना आवाज करत नाही. पंख्याच्या हुकाला तर कधीच नाही.

रंगाचं थोडक्यात. पश्चिमेचा उजेड संध्याकाळी तांबूस असतो, त्यात पीच आणि पिवळा भडकतो. किंचित राखाडी किंवा हिरवट झाक असलेला पांढरा घ्या. डब्याच्या कार्डावरून ठरवू नका. दोन बाय दोन फुटांचा तुकडा दोन हात मारून सकाळी दहाला, दुपारी चारला आणि रात्री दिव्यात पाहा. दारं-खिडक्या वजा जाता साधारण ४८० चौरस फूट भिंत आहे, दोन हातांना साडेसात लिटर लागेल, आठ लिटर घेऊन या. पुसता येणारा सॅटिन फिनिश घ्या.

पडदे पश्चिमेच्या खिडकीला. रॉड सहा फुटांचा, चौकटीच्या चार इंच वर. कापड रॉडच्या दुप्पट हवं, नाहीतर चुण्या पडत नाहीत आणि चादर टांगल्यासारखी दिसते. ४८ इंच पन्ह्याचे तीन पट्टे, प्रत्येकी २.६ मीटर, म्हणजे आठ मीटर आणा. यात शिलाई आणि सुती कापडाचं आटणं दोन्ही धरलं आहे, तरी शिवायच्या आधी एकदा भिजवून घ्याच. पडदा फरशीपासून एक इंच वर राहू द्या, पुसताना ओला होत नाही. खाली गालिचा नको, धूळ खातो. पाच बाय सातची सतरंजी, सोफ्याचे पुढचे दोन पाय तिच्यावर येतील अशी.

दिव्यांत एकच बदल करा. मधली ट्यूबलाइट झाडलोटीसाठी राहू द्या, बैठकीसाठी दक्षिण भिंतीवर साडेपाच फुटांवर नऊ वॅटचे दोन वॉर्म व्हाइट दिवे, वेगळ्या बटणावर. सासऱ्यांना वाचायला उजेड खांद्यामागून.

शनिवारच्या आत एक काम करा. जुनी वर्तमानपत्रं चिकटवून सोफ्याचा ८० बाय ३४ चा, दिवाणाचा ७२ बाय ३६ चा आणि टीपॉयचा कागद कापा आणि वर सांगितलेल्या जागी फरशीवर टेपने लावा. जुनं सामान बाजूला सारून दोन दिवस घर तसंच वापरा. सासऱ्यांना त्यातून चालू द्या, मुलांना पळू द्या, पाण्याचा हंडा आत नेऊन पाहा. जिथे कागदावर पाय पडून तो फाटेल, तिथलं माप तीन-चार इंचांनी मागे घ्या आणि तो आकडा घेऊनच सोफेवाल्याकडे जा.